इंग्रजीतलं ‘कॅन’: ऐकायचं कसं, म्हणायचं कसं, वापरायचं कुठे

पलीकडून बाई म्हणाल्या, ‘वी कॅन टेक इट डाउन.’ निदान मला तसं ऐकू आलं. मी वहीत लिहिलं, ‘अपडेटसाठी सिस्टिम बंद करायला हरकत नाही’, आणि टीमला तसं कळवलं. तासाभरात सिस्टिम बंद झाली. पुढच्या दहा मिनिटांत अमेरिकेतून फोनवर फोन सुरू झाले, कारण बाई ‘कॅन्ट’ म्हणाल्या होत्या. तिथे सकाळ होती आणि त्यांचं कामकाज ऐन रंगात होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कॉलचं रेकॉर्डिंग दहा वेळा ऐकलं. शेवटच्या ‘ट’चा कुठे मागमूस नव्हता. दहाव्या वेळी मात्र वेगळीच गोष्ट लक्षात आली. बाईंनी तो शब्द चांगला ठासून म्हटला होता. माझी शाळा मराठी माध्यमाची, तालुक्याच्या गावची. ‘कॅन’ असाच ठासून म्हणायला मी शिकले होते, त्यामुळे ठासलेला शब्द माझ्या कानाला होकारच वाटला. मग आणखी एक कोडं सुटलं. ‘आय कॅन सेंड इट टुडे’ असं मी म्हटलं की पलीकडून कितीदा तरी ‘ओह, व्हाय नॉट?’ असा प्रश्न यायचा. मी देते म्हणायचे आणि त्यांना मी देत नाही असं ऐकू जायचं.

परदेशी लोकांशी फोनवर बोलायची नोकरी नव्यानेच लागलेल्यांसाठी, शिकायला बाहेर निघालेल्यांसाठी आणि लेकीसुनांकडे महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या आईबाबांसाठीही हा लेख आहे. आपसात बोलताना आपल्या पद्धतीचं ‘कॅन’ अगदी चालतं, त्यात काही चूक नाही. अडचण येते ती इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा आहे त्यांचं ऐकताना आणि त्यांना ऐकवताना.

आधी जवळ काय हवं

- मोबाइलमधला साधा रेकॉर्डर आणि कानात बसणारे इअरफोन. स्पीकरवर ऐकून हा फरक कळत नाही.
- एक छोटी वही.
- केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा ऑनलाइन शब्दकोश. दोन्हींत ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार वेगवेगळे ऐकता येतात आणि ‘कॅन’चे जोरदार व सौम्य असे दोन उच्चार दिलेले असतात. उच्चार दाखवणाऱ्या खुणांत उलटं केलेलं ‘ई’ हे इंग्रजी अक्षर दिसलं की तो सौम्य स्वर समजायचा.
- यूग्लिश ही वेबसाइट. शब्द टाकला की यूट्यूबवरच्या खऱ्या बोलण्यातले तुकडे एकापाठोपाठ एक ऐकू येतात आणि देशही निवडता येतो.

या लेखात ‘कन’ म्हणजे सौम्य उच्चार आणि ‘कॅन’ म्हणजे जोरदार. नकार ब्रिटिश असेल तिथे ‘कान्ट’, अमेरिकन असेल तिथे ‘कॅन्ट’ लिहिलं आहे.

१. ‘ट’ शोधू नका, जोर कुठे आहे ते ऐका

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही पायरी पक्की करा. होकारात जोर पुढच्या क्रियापदावर पडतो आणि ‘कन’ घाईत उरकलं जातं: ‘आय कन डू इट.’ नकारात ‘कान्ट’ स्वतः जोर घेतं आणि क्रियापदही आपला जोर सोडत नाही: ‘आय कान्ट डू इट.’

टाळी वाजवून पाहा. पहिल्या वाक्यात एकच टाळी पडते, दुसऱ्यात दोन. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो, म्हणून इंग्रजीतही ‘आय-कॅन-डू-इट’ असे चार सारखे ठोके देतो. पलीकडच्याला त्यात ‘कॅन’ ठासलेला ऐकू येतो आणि तो नकार समजतो.

२. ‘कनवाळू’तला ‘कन’

सौम्य उच्चार मुद्दाम शिकावा लागत नाही, तो आपल्या तोंडात आहेच. ‘कनवाळू’ म्हणा, ‘कनवटीला पैसे’ म्हणा. सुरुवातीचा ‘कन’ जसा पटकन निघून जातो, तेवढाच इंग्रजीत हवा. इंग्रजी शिकवणारे ज्याला ‘श्वा’ म्हणतात आणि ज्यासाठी इतर भाषिक जिवाचा आटापिटा करतात, तो स्वर म्हणजे जवळजवळ आपला ‘अ’.

मग आपलं अडतं कुठे? आपण शब्द कानाने न शिकता छापील पानावरून शिकलो. पुस्तकात ‘कॅन’ असं एकदा वाचलं की प्रत्येक वाक्यात तो चंद्र पूर्ण उच्चारायचा, अशी सवय लागते. ही सवय मोडण्यासाठी मी पंधरा दिवस रोज दहा वाक्यं रेकॉर्ड केली. पहिले चार दिवस ‘आय कन कम’ म्हणताना आपण काहीतरी गिळतोय, अशुद्ध बोलतोय असं वाटायचं. तसं वाटलं तरी थांबू नका.

३. पुढच्या अक्षराशी सांधा

मराठीत अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. ‘गंगा’मध्ये तो घशाकडे जातो, ‘अंबा’मध्ये ओठांवर येतो. शाळेत याला परसवर्ण म्हणायचे. इंग्रजी ‘कन’मधला ‘न’ भरभर बोलण्यात नेमका असाच वागतो. ‘आय कन गो’ हे ‘आय कंगो’सारखं ऐकू येतं आणि ‘इट कन बी’ हे ‘इट कंबी’सारखं. ‘कन यू’ जुळून ‘कन्यू’ होतं.

बोलताना हे मुद्दाम करायची गरज नाही. ऐकताना ‘कंबी’ कानावर आलं तर ‘हा कोणता नवा शब्द’ म्हणून अडखळू नका, एवढंच.

४. पूर्ण ‘कॅन’ कधी म्हणायचं

तीन ठिकाणी जोरदार उच्चारच लागतो.

वाक्याच्या शेवटी: ‘येस, आय कॅन.’ ‘ॲज सून ॲज यू कॅन.’ इथे ‘कन’ म्हटलं तर वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. बराक ओबामांनी ८ जानेवारी २००८ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या भाषणात ‘यस वी कॅन’ पुन्हा पुन्हा म्हटलं, ते ऐका. शब्द शेवटी आलाय, म्हणून पूर्ण उच्चारलाय.

कोणी शंका घेतली आणि ती खोडायची असेल तर: ‘यू कान्ट ड्राइव्ह.’ ‘आय कॅन ड्राइव्ह!’ आपण ‘येतं की मला!’ म्हणतो तसं. आणि पुढचं क्रियापद गाळलेलं असेल तर: ‘शी कान्ट कम, बट आय कॅन.’

जोरात म्हणताना ‘क’बरोबर किंचित श्वास सुटतो, ‘ख’च्या वाटेवर पण ‘ख’पर्यंत न पोहोचणारा. तोंडासमोर तळहात धरा, फुंकर जाणवली पाहिजे.

५. नकाराचे दोन उच्चार आणि एक धोका

इंग्लंडमध्ये आणि बहुतेक ऑस्ट्रेलियातही नकारात स्वरच बदलतो. ‘कान’ म्हणा आणि शेवटी ‘ट’ जोडा. हा ‘आ’ लांब असल्यामुळे होकार-नकाराचा घोळ फारसा होत नाही.

अमेरिकेत दोन्हीकडे ‘ॲ’च असतो, म्हणून खरी गंमत तिथे. ‘कॅन्ट’मधला ‘ट’ बहुतेकदा सुटतच नाही. उचकी लागताना घसा क्षणभर बंद होतो तसा तो शब्द मध्येच कापला जातो. ठासून म्हटलेल्या ‘कॅन’मध्ये स्वर जरा रेंगाळतो, ‘कॅन्ट’मध्ये आखूड होतो. पुढे ‘यू’ आला तर ‘कॅन्चू’ असं ऐकू येईल. तेवढा ‘च’ ऐकू आला तरी नकार ओळखता येतो.

आता धोका. ब्रिटिश ‘कान्ट’मधला ‘आ’ आखूड करू नका. तो ‘अ’कडे झुकला की इंग्रजीतली एक अत्यंत अश्लील शिवी तयार होते. घाईत बोलताना हे माझ्या ओळखीत दोघांचं झालं आहे आणि दोघांनाही नंतर कोणीतरी बाजूला घेऊन सांगावं लागलं. ‘आ’ लांबवता येत नसेल तर सरळ अमेरिकन ‘कॅन्ट’ धरा, किंवा ‘कॅनॉट’ असा पूर्ण शब्द म्हणा. लिहिताना तो जोडून एकच शब्द लिहायचा, तोडून नाही.

६. ‘शकणे’ म्हणजे ‘कॅन’ नव्हे

उच्चार महिन्याभरात सुधारतो. हे मात्र मला दोन वर्षं पुरलं. आपल्या डोक्यात ‘शकणे’ बरोबर ‘कॅन’ असं समीकरण पक्कं बसलेलं असतं आणि ते जागोजागी दगा देतं.

सगळ्यात मोठा सापळा अंदाजाचा. आपण म्हणतो, ‘तो घरी असू शकतो’, ‘आज पाऊस पडू शकतो’. लगेच तोंडून ‘ही कॅन बी ॲट होम’, ‘इट कॅन रेन टुडे’ निघतं. एका विशिष्ट प्रसंगाचा अंदाज बांधताना इंग्रजीत ‘कॅन’ बसत नाही. तिथे ‘माइट’, ‘मे’ किंवा ‘कुड’ हवं: ‘ही माइट बी ॲट होम’, ‘इट कुड रेन टुडे.’ एखाद्या गोष्टीचा नेहमीचा स्वभाव सांगायचा असेल तेव्हा ‘कॅन’ चालतं: ‘नागपूर कॅन गेट व्हेरी हॉट इन मे.’ नकारात तर अंदाजालाही चालतं: ‘दॅट कान्ट बी राइट’ म्हणजे ‘हे बरोबर असणं शक्यच नाही’. बिलात भलताच आकडा दिसला की हे वाक्य वापरा, शांतपणे वापरा, ते उद्धट नाही.

दुसरा सापळा भूतकाळाचा, आणि त्यावरचा उतारा मराठीतच आहे. ‘शकायचे’ आणि ‘शकले’ यांतला फरक आपल्याला जन्मजात कळतो. ‘लहानपणी मी तासन्‌तास पोहू शकायचे’, म्हणजे अंगात ती ताकद होती. इथे ‘कुड’ येतो: ‘आय कुड स्विम फॉर अवर्स.’ पण ‘काल मी शेवटची लोकल पकडू शकले’ म्हणजे एकदा ते काम जमलं. इथे ‘आय कुड कॅच द लास्ट ट्रेन’ म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो, त्याला ‘पकडता येईल’ असं काहीतरी ऐकू येतं. म्हणा, ‘आय वॉज एबल टू कॅच इट’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच इट.’ नकारात हा भेद उरत नाही. ‘आय कुडन्ट कॅच इट’ दोन्ही अर्थांनी बरोबर.

तिसरा सापळा उलट्या बाजूचा. ‘दिसतंय’, ‘ऐकू येतंय’, ‘वास येतोय’ असं म्हणताना मराठीत ‘शकणे’ कुठेच नसतं, म्हणून इंग्रजीतही आपण ‘कॅन’ घालत नाही. फोनवर ‘ॲम आय ऑडिबल?’ असं विचारणारे फक्त आपणच. इंग्रजीत ‘कन यू हिअर मी?’ विचारतात आणि उत्तर येतं, ‘येस, आय कन हिअर यू.’ तसंच ‘आय कन सी युअर स्क्रीन’, ‘आय कन स्मेल गॅस’. आवाज तुटत असेल तर ‘आय कान्ट हिअर यू’. दिवसातून वीस वेळा लागणारी वाक्यं आहेत, पाठच करून टाका.

चौथा, ‘कान्ट यू कम?’ या प्रश्नाच्या उत्तराचा. मराठीत कोणी ‘येता नाही येणार का?’ विचारलं तर आपण ‘हो, नाही जमणार’ म्हणतो. तो ‘हो’ समोरच्याच्या शंकेला असतो. इंग्रजीत ‘येस, आय कान्ट’ म्हटलं की ऐकणारा पुन्हा विचारतो. येणार नसाल तर प्रश्न कसाही असो, उत्तर ‘नो, आय कान्ट’.

बाकीच्या चुका छोट्या आहेत. ‘कॅन एबल टू’ म्हणजे एकाच अर्थाचे दोन शब्द, त्यातला एक काढा. ‘कॅन’नंतर ‘टू’ नको. ‘ही’, ‘शी’ आले तरी ‘कॅन’ला ‘स’ लागत नाही.

इथे एक आवडती गोष्ट सांगते. ‘कॅन’ ज्या जुन्या इंग्रजी ‘कुन्नन’वरून आला, त्याचा मूळ अर्थ ‘जाणणे’. संस्कृतातला ‘ज्ञा’ आणि आपलं ‘जाणणे’ त्याच प्राचीन मुळातून आले, इंग्रजीतला ‘नो’ म्हणजे ठाऊक असणे हाही तिथलाच. म्हणजे ‘आय कॅन स्विम’चं जवळचं मराठी ‘मी पोहू शकते’ नसून ‘मला पोहता येतं’ हे आहे. हे कळल्यापासून मी वाक्य मनात आधी ‘येतं’ घालून बघते. ‘येतं’ बसलं तर ‘कॅन’ बहुतेक बसतंच.

७. मागताना आणि विचारताना

‘कॅन आय’ म्हणणं उद्धटपणाचं, ‘मे आय’च बरोबर, असं आपल्याला वर्गाच्या दारात उभं करून शिकवलं गेलं. रोजच्या व्यवहारात ‘कन आय हॅव सम वॉटर?’ अगदी सभ्य आहे. ‘मे आय’ जरा औपचारिक, मुलाखतीला ठीक.

जास्त मऊ बोलायचं असेल तर ‘कुड’. हा भूतकाळाचा शब्द विनंतीत का, असा प्रश्न पडला असेल तर आपलंच बोलणं आठवा. साहेबांच्या टेबलाशी उभं राहून आपण ‘मला एक विचारायचं होतं’ म्हणतो. विचारायचं आत्ताच असतं, पण ‘होतं’ म्हटल्याने अंगावर आल्यासारखं वाटत नाही. ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ हे तेच. उत्तर देताना मात्र ‘कुड’ परतवू नका. ‘कुड आय सिट हिअर?’ला ‘येस, यू कॅन’ किंवा ‘ऑफ कोर्स’ म्हणतात, ‘येस, यू कुड’ नाही.

‘कुड’मधला ‘ल’ कधीच उच्चारायचा नाही. ‘वुड’ आणि ‘शुड’मध्ये तो पूर्वी खरोखर होता. ‘कुड’मध्ये तो या दोघांच्या देखादेखी पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास लिहिण्यात घुसला. ‘कुड यू’ भरभर म्हटलं की ‘कुजू’ ऐकू येतं.

८. ‘मानावे तेवढे थोडेच’

‘यू कान्ट बी टू केअरफुल.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फार काळजी करू नका असं सांगतायत. अर्थ बरोब्बर उलटा आहे: काळजी घ्यावी तेवढी थोडीच. हे ‘थोडीच’ एकदा सापडलं की अशी सगळी वाक्यं सुटतात. ‘आय कान्ट थँक यू इनफ’ म्हणजे आभार मानावे तेवढे थोडेच. ‘आय कुडन्ट अग्री मोअर’ म्हणजे अगदी माझ्या मनातलं बोललात. यात ‘कुडन्ट’ ऐकून विरोध समजू नका, बैठकीत हसू होतं.

आणखी काही, जी शब्दशः फोडली तर हाती काही लागत नाही:

- ‘आय कान्ट हेल्प लाफिंग’: हसू आवरत नाही.
- ‘इट कान्ट बी हेल्प्ड’: आता इलाज नाही.
- ‘आय कान्ट स्टँड इट’: मला ते मुळीच खपत नाही. उभं राहण्याशी संबंध नाही.
- ‘आय कान्ट वेट’: कधी एकदा होतंय असं झालंय. थांबायला तयार नाही असा राग यात नसतो.
- ‘आय कुडन्ट केअर लेस’: मला त्याचं काही सोयरसुतक नाही. अमेरिकेत काही जण यातला नकार गाळून ‘कुड केअर लेस’ म्हणतात, अर्थ तोच. हे वाक्य तुम्ही स्वतः कामाच्या ठिकाणी वापरू नका, बोचतं.

९. रोजचा सराव

वहीत पाच जोड्या लिहा: ‘आय कन कम’ आणि ‘आय कान्ट कम’, ‘वी कन पे’ आणि ‘वी कान्ट पे’, अशा. क्रम मनाला येईल तसा बदलून दहा वाक्यं रेकॉर्ड करा. दोन दिवस जाऊ द्या. मग वही न बघता ऐका आणि कोणतं होकाराचं, कोणतं नकाराचं ते लिहा. स्वतःचंच बोलणं स्वतःला ओळखता आलं नाही, तर पलीकडच्याला काय ओळखता येणार? दहापैकी नऊ येईपर्यंत हेच. मग यूग्लिशवर अमेरिकन उच्चार निवडून खालची अक्षरं हाताने झाकून ऐका.

१०. पैसे, तारीख, औषध

या तीन गोष्टींचं बोलणं असेल तर कानावर विसंबू नका, सराव कितीही झालेला असो. आपण बोलताना ‘कॅन’, ‘कान्ट’ दोन्ही टाळा. ‘येस, वी विल सेंड इट ऑन फ्रायडे’ म्हणा, किंवा ‘नो, दॅट इज नॉट पॉसिबल’. समोरच्याने ‘कॅन्ट’ म्हटल्याची नुसती शंका आली तरी लगेच विचारा. ‘सॉरी?’ एवढंच विचारलं तर तो तेच वाक्य आणखी ठासून म्हणतो आणि आपण जिथल्या तिथे. प्रश्न असा हवा की त्याच्या उत्तरात तो शब्दच येणार नाही: ‘सो दॅट्स अ नो?’

त्या बाईंना मी आता प्रत्येक कॉलवर हे विचारते. त्या न चिडता सांगतात, ‘दॅट्स अ नो.’ मग मी वहीत ‘नाही’ लिहिते, आणि कॉल संपल्यावर तेच मेलमध्येही लिहून पाठवते.